उष्टावणानंतर काय? बाळाच्या जिभेला चवींची ओळख

सहा-सात महिन्यांच्या बाळाच्या तोंडात पहिल्यांदा मेथी घातलेलं वरण गेलं की त्याचं नाक आक्रसतं, ओठ वाकडे होतात, डोळे बारीक होतात. बघणारं कुणीतरी लगेच म्हणतं, "अगं, न्हाई आवडत त्याला, कशाला देतीस?" चमचा खाली जातो आणि पुढची दोन वर्षं मेथी त्या बाळाच्या वाटेला येत नाही. हा चमचा इतक्या लवकर खाली ठेवू नये, यासाठीच हा लेख लिहिते आहे. ते तोंड वाकडं होणं ही बहुतेक वेळा नवलाई असते. आवड-नावड पक्की व्हायला अजून पुष्कळ अवकाश असतो आणि ती घडवण्यात घरातल्या माणसांचा हात मोठा असतो.

आपल्या सातारा-सांगलीकडे उष्टावण थाटात होतं. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीच्या वाटीत खीर, फोटो. त्यानंतरचे कित्येक महिने मात्र पुष्कळ घरांत वरणाचं पाणी, मऊ भात आणि चहात बुडवलेलं बिस्कीट एवढ्यावरच जातात. त्याच घरात त्याच दिवशी चुलीवर घुटं असतं, शेपू असतो, ज्वारीच्या कण्या असतात, वांग्याचं भरीत असतं. ते बाळापर्यंत पोचतच नाही, कारण 'एवढ्याशा पोराला काय कळतंय चवीतलं?'

कळतं. खूप आधीपासून कळतं.

चव पोटात असतानाच सुरू होते

बाळ आईच्या पोटात असताना भोवतीचं पाणी गिळत असतं आणि आईनं खाल्लेल्या पदार्थांचे वास त्या पाण्यात उतरतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात मोनेल नावाची संस्था आहे. चव आणि वास यांचाच अभ्यास तिथं चालतो. तिथल्या ज्युली मेनेला यांनी काही गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत ठरावीक दिवस गाजराचा रस प्यायला दिला, काहींना स्तनपानाच्या काळात दिला, काहींना फक्त पाणी दिलं. पुढं या बाळांना गाजराच्या रसात कालवलेली पेज भरवली. ज्यांच्या आयांनी गाजराचा रस घेतला होता त्या बाळांनी, साध्या पेजेच्या मानानं, गाजराच्या पेजेला कमी तोंडं वाकडी केली. २००१ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्याच मेनेला यांनी त्याआधी, १९९१ मध्ये, लसणाचं दाखवलं होतं: आईनं लसूण खाल्ल्यावर साधारण दोन तासांनी दुधाला त्याचा वास सगळ्यात जास्त येतो आणि त्या वेळी बाळं अंगावर जास्त वेळ राहतात.

हे वाचताना मला आपल्या बाळंतिणीचं ताट आठवतं. लसूण, मेथीचे लाडू, ओवा, आळीव, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशेपा. डेन्मार्कमध्ये २००८ साली आईच्या दुधात कोणते वास कधी उतरतात हे मोजलं गेलं, त्यात कारव्होन नावाचं एक द्रव्य होतं. ते आईनं घेतल्यावर दोन तासांच्या सुमारास दुधात सर्वाधिक सापडलं. शेपूच्या बियांना, म्हणजे बाळंतशेपालाच, त्यांचा खास वास देणाऱ्या द्रव्यांत हे कारव्होन आहे. म्हणजे आपल्याकडची अंगावर पिणारी बाळं उष्टावणाच्या आधीच शेपूच्या वासाला सरावलेली असण्याची चांगली शक्यता आहे. म्हणून बाळंतिणीला 'हे खाऊ नको, ते खाऊ नको, बाळाला बाधेल' म्हणून नुसत्या भाकरी-दुधावर ठेवणं मला पटत नाही. ती जेवढं निरनिराळं खाईल, तेवढी बाळाची तयारी.

जन्मतः मिळतं ते थोडंच असतं: गोड आवडतं, कडू आणि आंबट नको वाटतं. खारटाची ओढ साधारण चौथ्या महिन्यापासून दिसते. बाकी सगळं शिकायचं असतं. आणि सहा महिन्यांपासून ते साधारण दीड वर्षापर्यंत बाळ नवं खायला जितकं राजी असतं, तितकं ते पुढं कित्येक वर्षं नसतं. ही सवलत बिस्किटावर घालवायची नाही.

सहा महिने पूर्ण होताच का

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, आणि हे म्हणताना कितीतरी आज्ज्या नाराज होतील याची जाणीव ठेवून सांगते, गुटीही नाही. सहा महिने पूर्ण झाले की मात्र थांबायचं नाही. काही घरांत मुलीचं उष्टावण पाचव्यात नाहीतर सातव्यात आणि मुलाचं सहाव्यात नाहीतर आठव्यात करायची रीत आहे. समारंभ केव्हाही करा, पण खाणं सहा महिने पूर्ण होताच सुरू करा. आठव्या महिन्याची वाट बघत बाळाला उपाशी ठेवण्यात अर्थ नाही.

त्याचं कारण लोह. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो सहा महिन्यांच्या आसपास सरत येतो. आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. शंभरातली जवळपास एकोणसत्तर. त्यामुळे बाळाच्या पहिल्या घासांत डाळी-कडधान्यं, अंडं, मांस खाणाऱ्यांच्या घरी मटण-चिकन, हिरव्या भाज्या यांना पहिला मान हवा. सोबत लिंबाचे दोन थेंब किंवा आवळा, पेरू, टोमॅटो असं काही असलं की धान्य-डाळीतलं लोह अंगी लागतं. चहा याच्या बरोबर उलटं करतो. चहातलं टॅनिन लोह अडवून धरतं, म्हणून बाळाला बशीतून चहा पाजणं हे लाड नाहीत, नुकसान आहे. गावच्या आशा सेविका, आपल्या आशाताई, सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी लोहाचं औषध देतात, आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर. ते घरी आणून कपाटात ठेवू नका, पाजा.

दुसरं कारण पोट भरण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत वरच्या खाण्यातून रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. आता वरणाचं पाणी घ्या. वाटीभर पाण्यानं बाळाचं इवलंसं पोट गच्च भरतं आणि त्यात जवळपास पाणीच असतं. डाळ राहते भांड्याच्या तळाला, ती मोठे खातात. म्हणून डाळ घोटून, घट्टसर द्या. चमचा तिरका केला की पाण्यासारखं ओघळून जाऊ नये, हळूच सरकावं, इतपत घट्ट. वर अर्धा चमचा तूप किंवा घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नवव्यापासून तीन-चार वेळा. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही चालू ठेवावं.

तिखट पडायच्या आधी

बाळाचं वेगळं काय शिजवायचं, हा प्रश्न मला अनेक आया विचारतात. शेतावर जाणारी, नाहीतर नोकरीवर जाणारी बाई बाळासाठी वेगळा कुकर रोज कसा लावणार? लावायची गरजही नाही. आपल्याकडं मटण शिजतं तेव्हा मसाला पडायच्या आधी पोरांसाठी अळणी बाजूला काढायची पद्धत आहेच. तीच पद्धत रोजच्या प्रत्येक पातेल्याला लावा. भाजी शिजली, डाळ घोटली, की मीठ आणि कांदा-लसूण मसाला पडायच्या आधी बाळाची वाटी बाजूला. एवढंच काम.

फक्त अळणीचा एक दोष सांगून ठेवते. नुसत्या रश्शात लोह फार उतरत नाही, ते मांसात राहतं. म्हणून मऊ शिजलेला तुकडा रेषा मोडून, खलबत्त्यात किंवा मिक्सरवर वाटून त्या रश्शात मिसळा. कलेजी असेल तर थोडीशी, अधूनमधून.

मग या वाटीत काय काय येऊ शकतं? उडदाचं घुटं, मिरचीविना. हुलग्याचं माडगं, गुळाविना. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात घरचं ताजं दही. जत, आटपाडी, माणकडच्या घरांत ज्वारी-बाजरी रोजची. तिथल्या बाळानं तांदळाच्याच पेजेवर का राहावं? जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरात नाचणी पिकते. ती भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळली की पचायला हलकी होते, शिवाय लोहाला अडवणारं द्रव्य मोड आल्यानं कमी होतं. फडक्यातून गाळून नुसतं सत्त्व काढू नका. चोथ्याबरोबर त्यातलं बरंच चांगलं निघून जातं. बारीक दळलेलं अख्खं पीठ सरळ शिजवा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाहेरगावचे लोक तो मागवून घेतात. तो रात्रभर भिजवून, भिजवणीचं पाणी टाकून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवून, सालं काढून घोटला तर आठ महिन्यांचं बाळ आनंदानं खातं. अर्धाकच्चा मात्र कधी नाही, मोठ्यांनाही नाही. कच्च्या घेवड्यात पोट बिघडवणारं विष असतं.

कृष्णाकाठचं वांगं भाजून, साल काढून, तुपाच्या दोन थेंबांत. शेवग्याच्या शेंगेतला गर. भोपळा, गाजर, तांदळी, पोकळा, चाकवत. चुका थोडाच, तो आंबट. पण आंबटही कळलं पाहिजे. फळांत पपई, केळ, चिकू, वाफवलेलं सफरचंद, उन्हाळ्यात आंबा, थंडीत वाईकडून येणारी स्ट्रॉबेरी चेचून. अंडं पूर्ण उकडून, पिवळा आणि पांढरा दोन्ही. पूर्वी पांढरा भाग वर्षानंतरच द्या असं सांगायचे, आता ती अट राहिलेली नाही.

मसाला आणि तिखट यांत मात्र फरक करा. जिरं, हळद, धने, हिंगाची चिमूट, लसणाची एखादी पाकळी, कोथिंबीर, कढीपत्ता यांच्या वासाची ओळख बाळाला सातव्या-आठव्या महिन्यात खुशाल होऊ द्या. मिरचीची गोष्ट वेगळी, ती जिभेला चव देण्याऐवजी आग लावते. वर्षापर्यंत तिचं काम नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठ गट मोजते: आईचं दूध, धान्यं आणि कंद, डाळी-कडधान्यं व दाणे, दही-दूध, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-केशरी व गर्द हिरव्या भाज्या-फळं, आणि बाकीच्या भाज्या-फळं. यांतले किमान पाच गट रोज पोटात जावेत. शाकाहारी घरातही दूध धरून सहा गट होतात. अवघड नाही, फक्त वरण-भातावर थांबायचं नाही.

'नको' म्हणाल्यावर

जर्मनी आणि फ्रान्समधल्या एका अभ्यासात आयांना विचारलं, तुमच्या बाळाला कुठली भाजी अजिबात आवडत नाही? मग तीच भाजी दिवसाआड, एकूण आठ वेळा, थोडी थोडी समोर ठेवली. मधल्या दिवशी आवडती भाजी. आठव्या खेपेपर्यंत बहुतेक बाळं ती नावडती भाजी आवडतीच्या बरोबरीनं खायला लागली. नऊ महिन्यांनी पुन्हा विचारलं तरी त्यांतली बरीचशी ती खातच होती. हा अभ्यास २००७ चा. आपल्या घरांत आई साधारण दोन-तीन खेपांत हात टेकते. आणखी पाच-सहा चमचे बाकी असतात.

त्यातही रोज एकच भाजी धरून बसण्यापेक्षा फिरवत राहणं जास्त उपयोगी. मेनेला यांच्याच एका अभ्यासात काही बाळांना नऊ दिवस नुसता बटाटा दिला, काहींना नुसतं गाजर, आणि काहींना गाजर वगळून निरनिराळ्या भाज्या. शेवटी सगळ्यांना गाजर दिलं, तेव्हा निरनिराळ्या भाज्या खाल्लेल्या बाळांनी, गाजर कधी चाखलेलं नसूनही, ते बटाट्यावाल्या बाळांपेक्षा जास्त खाल्लं. चिकनही त्यांनीच सहज घेतलं. विविधतेची सवय लागली की नव्याची भीती कमी होते.

भरवताना चेहऱ्याकडं कमी आणि तोंडाकडं जास्त बघा. नाक आक्रसलं पण पुढच्या चमच्याला तोंड उघडलं, तर द्या. तोंड मिटलं, मान फिरवली, हातानं चमचा ढकलला, तर त्या दिवसापुरतं पुरे. मांडीवर आडवं पाडून, नाक दाबून, ओंजळीनं पाजणं बंदच झालं पाहिजे. त्यानं घास श्वासनलिकेत जातो, आणि बाळ त्या पदार्थाची धास्ती घेतं. मोबाईल दाखवून भरवलेलं पोटात जातं, पण बाळाला ना चव कळते ना पोट भरल्याचं कळतं. अमेरिकेतल्या क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी १९२०-३० च्या दशकांत नुकत्याच खाऊ लागलेल्या बाळांपुढं साधे, अळणी, चांगले पदार्थ मांडून काय आणि किती खायचं ते त्यांच्यावर सोडलं होतं. बाळं एखाद्या दिवशी विचित्र काहीतरीच खायची, तरी एकूण सगळी छान वाढली. ताटात काय ठेवायचं ते मोठ्यांनी ठरवावं, आणि किती खायचं ते बाळानं.

कडू भाजीत गूळ घालून फसवू नका. गूळही साखरच, आणि तिच्यामुळं बाळ मेथी शिकत नाही, गूळ शिकतं. उसाच्या पट्ट्यात राहून हे सांगणं अवघड आहे, पण दोन वर्षांपर्यंत वरून साखर-गूळ नको आणि वर्षापर्यंत वरून मीठ नको.

शेंगदाणा, अंडं आणि ॲलर्जीची भीती

शेंगदाण्याचा कूट नाही असं आपलं स्वयंपाकघर नाही. शहरातले काही सुशिक्षित पालक मात्र ॲलर्जीच्या धास्तीनं तीन वर्षं शेंगदाणा लांब ठेवतात. हा सल्ला आता उलटा फिरला आहे. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या मुलांपेक्षा सुमारे दहापट आहे असं २००८ मध्ये दिसलं. इस्रायलमध्ये बाळं लहानपणापासून शेंगदाण्याचा खाऊ खातात. मग गिडियन लॅक यांच्या चमूनं लंडनमध्ये ६४० बाळं घेतली, सगळी ॲलर्जीचा धोका असलेली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत पूर्ण टाळला. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: सुरुवातीच्या त्वचाचाचणीत काही न निघालेल्या बाळांत, टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी फक्त १.९ टक्क्यांना.

तेव्हा अगदी बारीक कूट, भाजीत किंवा पेजेत नीट मिसळून, सहा महिन्यांनंतर द्या. अख्खा दाणा नाही. शेंगदाणा, अंडं, मासा, गहू हे पहिल्यांदा एका वेळी एकच, सकाळच्या वेळी, थोडंसं द्या, म्हणजे काही झालं तर कळतं. भाज्या-फळांसाठी इतकं थांबायची गरज नाही. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, लागोपाठ उलट्या झाल्या तर तो पदार्थ थांबवून लगेच डॉक्टर. श्वास लागला तर १०८ ला फोन. बाळाला आधीपासून अंगभर इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर शेंगदाण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

जे अजिबात नाही

मध, वर्षाच्या आत. महाबळेश्वरजवळचं मांघर हे मधाचं गाव म्हणून नावारूपाला आलं, तिथला मध उत्तमच; पण कितीही शुद्ध मधात बोट्युलिनम जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांची आतडी ती निपटतात, तान्ह्याची नाही. हातपाय लुळे पडून श्वास थांबेपर्यंत मजल जाते. बारशाला चाटवायचा मधही यातच आला.

गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षाच्या आत नको, कारण त्यात लोह नगण्य असतं. पेजेत थोडं घातलं, दही दिलं तर हरकत नाही.

तासगावकडं द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की आजोबा बाळाच्या हातात अख्खं द्राक्ष देतात. ते घशात अडकलं तर श्वासाची वाट पूर्ण बंद करू शकतं. उभे चार तुकडे करूनच द्या. अख्खा बेदाणा, शेंगदाणे, फुटाणे, भडंग, कच्च्या गाजराचा तुकडा हे चार-पाच वर्षांपर्यंत हातात नको. ठसका लागला, चेहरा लाल झाला, आवाज येतोय, म्हणजे बाळ स्वतःच घास परतवतंय. शांत राहा, तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडले, तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, आणि घास निघेपर्यंत हेच आलटून पालटून. बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला, आजोबांनाही, हे आधीच शिकवून ठेवा.

गुठळ्यांचं वय

पीठ-पेज मिक्सरमधून काढून वर्षभर गुळगुळीत भरवत राहिलं तर बाळ चावायला शिकत नाही. इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात असं आढळलं की ज्यांना नऊ महिन्यांनंतरच गुठळीचं अन्न मिळालं, ती मुलं सात वर्षांची झाल्यावरही फळं-भाज्या कमी खात होती. दात नसले तरी हिरड्या मऊ भात चिरडतात. आठव्या महिन्यापासून हातानं कुस्करलेलं, नवव्यापासून मऊ शिजलेले बोटाएवढे तुकडे बाळाच्या हातात. सांडेल, केसात जाईल, जमिनीवर पडेल. खाली जुनं धोतर अंथरा.

वर्ष झालं की बाळ घरच्या ताटावर आलं पाहिजे: भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, भाजी कमी तिखटाची.

आणि मग दीड-दोन वर्षांच्या सुमारास एक दिवस हेच सगळं खाणारं पोर शेपूकडं बघून तोंड फिरवेल. घाबरू नका, चालायला लागलेली मुलं नव्या-जुन्या पदार्थांबद्दल अशी बिचकतातच आणि ते काही वर्षं चालतं. तेव्हा जबरदस्ती नाही, आणि बदल्यात बिस्कीटही नाही. शेपू ताटाच्या कडेला चमचाभर वाढत राहा आणि तुम्ही स्वतः त्याच्यासमोर बसून तो खा.